दीड ते चार

हेडमास्तर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण त्यांनी घरात भरवलेली शाळा काही सुटली नव्हती. सकाळची शाळा होती तेव्हापासून दुपारी दीड ते चार ते झोपत. तेवढा वेळ दाराची घंटा बंद, नळाची धार बारीक आणि बोलणं खुणांनी. चाळीस वर्षांत बायकोने त्यांना एकदाही उठवलं नव्हतं. मुलगा लहानपणी जिन्यावरून पडला, तेव्हा त्याच्या तोंडावर पदर दाबून तिने त्याला दवाखान्यात नेलं होतं. लोक याला शिस्त म्हणत. तिलाही त्याचा अभिमान होता.

त्या दुपारी ती भांडी पुसून फडताळात ठेवत असताना तिचा मोबाइल थरथरला. इस्पितळातून मुलाचा फोन होता. सून आठ दिवस अतिदक्षता विभागात होती. साथीचा ताप आधी हेडमास्तरांना आला. सुनेने उशाशी बसून त्यांचं सगळं केलं. ते खडखडीत बरे झाले आणि आजार तिच्या फुप्फुसांत उतरला. आता तिचा श्वास यंत्रावर चालला होता.

"आई, तिचं एक फुप्फुस फाटलंय. हवा छातीत साठतेय. बरगड्यांमधून नळी घालायची म्हणतात, सही हवीय."

"मग कर की सही."

"बाबांना न विचारता? नंतर माझी खैर नाही. त्यांचा फोन बंद आहे, तू उठव ना."

"मी? काहीतरीच काय!"

फोन सिस्टरने घेतला. "आजी, या आजारात फुप्फुस कडक होतं, यंत्राच्या दाबानेही फाटतं. हवा बाहेर काढली नाही तर ते पार चेपेल. विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असं तुमच्या मुलाने लिहून दिलंय. आत्ता वेळ आहे. तासाभराने नसेल."

"उठले की लगेच सांगते हं," ती म्हणाली. दूधवाल्याचा निरोप असावा तशी.

ती दारापर्यंत गेली. आत घोरणं संथ चालू होतं. तिने कडीला हात लावला आणि काढून घेतला. सून तशी पहिल्यापासूनच नाजूक, जरा खोकला आला की निजणारी, असं तिने मनाला समजावलं. फोन पुन्हा थरथरला. फडताळाची फळी वाजू लागली, तेव्हा तिने तो उचलून बाहेरच्या दिवाणावरच्या उशीखाली सारला.

चारला हेडमास्तर उठले. चहा झाला, बशी धुऊन झाली, मग तिने सांगितलं.

"अगं, एवढं होतं तर उठवायचं नाही का?" ते म्हणाले.

तिने उशीखालचा फोन काढला.

त्यावर मुलाच्या अकरा हाका होत्या. साडेतीनला सुनेचं हृदय थांबलं होतं. शेवटी डॉक्टरांनी कुणाच्याही सहीची वाट न बघता नळी घातली. कोंडलेली हवा सुटली, सून मात्र परतली नाही. देह ताब्यात घ्यायच्या कागदावर मुलाने लगेच सही केली. त्यासाठी बाबांना विचारायचं त्याला सुचलं नाही. त्या बाईला एका रोगाने मारलं असं दाखल्यावर लिहिलं आहे. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं त्या घराने केलं, आणि अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही.

पाचव्या दिवशी हेडमास्तर दीड वाजता पुन्हा आडवे झाले. पावणेदोनला बायकोने दार सताड उघडलं.

"अहो, उठा!"

ते दचकून उठून बसले. "काय झालं? काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "एका हाकेत उठता की हो तुम्ही."