पूर्ववत

“मामी, हे गेलं. फॉरमॅट मारायचं, विषय संपला,” म्हणत कल्पेश खुर्चीवरून उठला.

त्या खुर्चीवर संगणक दुरुस्तीला बोलावलेले जयवंत सावकाश बसले. संगणकाचा पडदा उजळे, दुरुस्ती चालू असल्याचे सांगे, ती जमली नसल्याची कबुली देई आणि पुन्हा काळा होई. सकाळी संगणकात अपडेट बसत होती. वटार गावातल्या या घरात विजेचा दाब बेताचा. वाडीतली पाण्याची मोटार सुरू व्हावी म्हणून घरचा मेन स्विच बंद करण्याचा वसुंधराबाईंचे दीर जयराम यांचा नित्यनेम होता. तो त्यांनी आजही पाळला आणि अपडेट अर्ध्यावर तुटली.

“मना काय ठाव, वयनी? रोजचाच बंद करतो,” जयराम दारातून पुटपुटले.

“तुमचं काही चुकलं नाही, भाऊजी,” वसुंधराबाई म्हणाल्या. पण त्यांची दृष्टी कोपऱ्यातल्या ब्रेल छपाईयंत्रावर होती. त्या शिकवत त्या अंध मुलांच्या शाळेत उद्या परीक्षा. अकरा मुलांच्या प्रश्नपत्रिका त्यातून निघायच्या होत्या. मराठी मजकुराचे ब्रेल करणारा प्रोग्राम याच संगणकात होता. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, सीडी तडकलेली. फॉरमॅट केला की तो कायमचा जाणार.

“काका, तुम्हीच सांगा मामीला खरं,” कल्पेश हसला. “दुरुस्तीची कमांड मी मारून बघितली. एरर देते.”

“कुठल्या ड्राइव्हवर मारलीस?”

“सी. अजून कुठे?”

“पेनड्राइव्हवरून संगणक चालू केला की ड्राइव्हची अक्षरं बदलतात, बाळा. विंडोज इथे ‘डी’वर दिसतंय. तू शेजाऱ्याचं दार ठोठावत होतास.”

कल्पेशने वाकून पडद्यावरचे अक्षर वाचले.

“म्हणजे आशा आहे?” वसुंधराबाईंनी विचारले.

“घर पडलेलं नाही, बाई. गवंडी अर्ध्यातून उठून गेलाय. त्यानं रचलेल्या अर्ध्या विटा तेवढ्या उतरवायच्या.”

एकतीस वर्षे जयवंत नालासोपाऱ्यात जिन्याखालच्या गाळ्यात हेच करीत आले होते. त्यांचे कर्मच असे, की सिद्धीस गेले की दिसेनासे व्हावे. यंत्र पूर्ववत झाले की गिऱ्हाईक म्हणे, फारसं काही झालंच नव्हतं.

प्रश्नपत्रिकांच्या फायली त्यांनी आधी बाजूला काढून ठेवल्या. मग अपुरी अपडेट मागे घेण्याची आज्ञा दिली. “आता वीज गेली, तर माझ्याही हातात काही राहणार नाही.”

जयरामांनी पाट उचलला आणि मेन स्विचखाली मांडून बसले. सवयीच्या स्वतःच्याच हातावर त्यांचा पहारा होता. ऊन माथ्यावर आले.

“भाऊजी, केळी सुकतील.”

“सुकू दे. आज हात नाय लावनार.”

पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा बासष्टावर अडला. वीस मिनिटांनी तो हलला आणि शंभरावर पोहोचला. जयवंतांनी संगणक पुन्हा सुरू केला. पडदा उजळला, आणि या वेळी काळा झाला नाही.

छपाईयंत्र खटखटू लागले. पहिल्या कागदावरून वसुंधराबाईंनी बोट फिरवले. “प्रश्न पहिला,” त्या मोठ्याने वाचू लागल्या.

“काका, ती कमांड लिहून द्या ना,” कल्पेश म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

जयराम पाटावरून उठले. “मास्तर, पानी सोडू काय आता?”

जन्मात जयवंतांची परवानगी कुणी मागितली नव्हती. अकरावी प्रश्नपत्रिका बाहेर येईपर्यंत त्यांनी हात वर धरून ठेवला. मग संगणक रीतसर बंद केला, चष्मा पुसला.

“सोडा,” ते म्हणाले.