सोमवार, ता. १७ एप्रिल

सात रस्त्यावरच्या बसलिंगप्पा अण्णांच्या कापडदुकानात गिऱ्हाईक लुगडं बघायच्या आधी फळा वाचायचं. दाराशी टांगलेल्या त्या काळ्या फळ्यावर रोज सकाळी अण्णा स्वतःच्या हातानं वार-तारीख घालत आणि खाली 'आजच्या दिवशी' म्हणून मागं कधी काय घडलं ते लिहीत. जुनी वर्तमानपत्रं आणि शाळामास्तरांकडची पुस्तकं चाळून ही माहिती त्यांनी वर्षानुवर्षं जमवली होती. मरणाची बातमी मात्र ते कधी लिहीत नसत. दुकानाच्या दारात मयत कशाला, असा त्यांचा हिशेब. त्यामुळं काही तारखा कोऱ्या राहत. त्या दिवशी फळ्यावर 'नवा माल आला आहे' एवढंच असे, मग माल आलेला असो वा नसो.

थोरली लेक रुद्राणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अण्णांच्या डोक्यात एकच खूळ शिरलं. नातवंड सोळा एप्रिललाच व्हायला हवं. सोळा एप्रिल म्हणजे त्यांच्या सगळ्या तारखांचा राजा. त्याच दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली आगगाडी सुटली आणि त्याच दिवशी विमान उडवणाऱ्या दोघा भावांतला थोरला जन्मला. जमिनीवरचं झालं, आभाळातलं झालं, आता तिसरी ओळ आपल्या घरची, असं ते येईल त्याला सांगत सुटले होते. त्या वर्षी सोळाला सोमवार आला. शिवाचा वार म्हणून शिवबाईही खूश होत्या, नाहीतर नवऱ्याच्या फळ्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं.

सोळाला सकाळी अण्णांनी दोन ओळी ठसठशीत लिहिल्या आणि खाली तिसरीला जागा सोडली. दुपारपासून रुद्राणीला कळा सुरू झाल्या. दिवस कलला, दिवे लागले, जागा तशीच राहिली. अखेर पहाटे, उजाडायला चांगला अवकाश असताना, आतून रडणं ऐकू आलं आणि अण्णांनी पहिल्यांदा बघितलं ते भिंतीवरचं घड्याळ. चार वाजून गेले होते.

"मुलगी झाली की अण्णा," नागव्वा सुईण बाहेर येऊन म्हणाली. "दोघी खुशाल हायत."

अण्णांचा जीव भांड्यात पडला. पण मागोमाग त्यांना सतरा एप्रिल आठवला. त्यांच्या संग्रहात त्या तारखेला एकच नोंद होती, आकाशातल्या विजेचा शोध घेणाऱ्या अमेरिकेतल्या फ्रँकलिनच्या मृत्यूची. म्हणजे नातीच्या वाट्याला कोरा फळा. त्यांना खरोखर वाईट वाटलं, आणि असल्या वेळी वाईट वाटतंय याची लाजही वाटली.

"तोंड का पाडलंय?" शिवबाई हात पुसत आल्या. "सूर्य उगवल्याबिगर वार बदलतो व्हय? पोरगी सोमवारची हाय. लिवा की तुमच्या सोळात."

अण्णांच्या मनानं एकदम उचल खाल्ली. खरंच की. पंचांगाचा वार सूर्योदयाला सुरू होतो. फळा अजून पुसलेला नाही, जागाही सोडलेली आहे. खडू हाती घेण्याचाच अवकाश. आणि नेमका तेव्हाच त्यांना होटगीचा सिद्धप्पा आठवला.

सिद्धप्पा होटगी स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला होता आणि अण्णांचं जुनं गिऱ्हाईक. मागच्या साली त्याला मुलगा झाला तोही असाच, सहा जून उलटून गेल्यावर, पहाटेचा. महाराजांच्या राज्याभिषेकाच्या तारखेखाली माझ्या पोराचं नाव लिहा, म्हणून तो हौसेनं आला होता. अण्णांनी भर दुकानात त्याला झाडलं होतं. "रेल्वेत नोकरी करतोस आणि रात्री बाराला तारीख बदलते हे कळत नाही?" लोक हसले होते. सिद्धप्पाही हसला होता, पण पेढ्यांचा पुडा तसाच परत घेऊन गेला होता.

उजाडल्यावर अण्णा उठले, नातीचं तोंड पाहिलं आणि दुकान उघडायला निघाले. शिवबाईंनी दारातून बजावलं, "तारीख तुमची काय बी लिवा. वार मातर सोमवारच."

त्या सकाळी सात रस्त्यावर गंमत झाली. फळ्यावर लिहिलं होतं: 'सोमवार, ता. १७ एप्रिल. आजच्या दिवशी आमच्या रुद्राणीला मुलगी झाली.' येणारा-जाणारा थांबून सांगू लागला, "अण्णा, आज मंगळवार हाय न्हवं?" आणि अण्णा प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवून सांगत होते, "वार आजीचा, तारीख आजोबाची." आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या फळ्यावरच्या वार-तारखेत चूक होती आणि ते भलतेच खुशीत होते.

होटगीच्या गाडीतून उतरून सिद्धप्पाही आला. बातमी त्याला स्टेशनातच लागली होती. अण्णा स्वतःच्या नातीला कोणत्या तारखेत बसवतात, तेच बघायला तो आला होता. त्यानं फळा वाचला, परत वाचला आणि पेढा न खाता हातातच धरून उभा राहिला.

"सोळा लिवलं असतं तर कुणी बोललं नसतं, अण्णा."

"तू बोलला असतास."

"न्हाय बोललो असतो. पर हितं परत आलो नसतो."

अण्णांनी त्याच्या दुसऱ्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

जूनच्या सातला सकाळी सिद्धप्पा बायकोला लुगडं घ्यायला म्हणून होटगीहून आला, पोराला कडेवर घेऊन. दारापाशी येऊन तो थबकला. फळ्यावर दरवर्षीसारखा 'नवा माल' नव्हता. मोठ्या, ठसठशीत अक्षरांत एकच ओळ होती: 'आजच्या दिवशी होटगीच्या सिद्धप्पांचा सोमलिंग जन्मला.'

त्यानं पोराचं बोट धरून त्या अक्षरांवरून सावकाश फिरवलं. खडू पुसला जात होता. अण्णा आतून बघत राहिले.