लाइट गेली तेव्हा

मी मयुरीच्या घरातला पत्र्याचा कूलर. बोलायला लागलो की आधी खडखडतो, तेवढं सांभाळून घ्या. माझ्या हातून एक चूक झाली. चूक म्हणावी की नाही तेही मला धड ठरवता येत नाही. पण ती मनातून जात नाही.

मलकापुरात गुलाबरावांच्या दुकानात पत्रा ठोकून मला घडवलं. आत पंखा, पंप. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या. प्रसेनजितनं मला हातगाडीवरून घरी आणलं, तेव्हा त्याच्या बायकोला, मयुरीला, सातवा महिना होता.

"आता तुले उकाडा नाही होनार," तो म्हणाला.

माझा आवाज ऐकून ती हसली. "कूलर आणला का गिरणी?"

पुढं त्याला नशेच्या गोळ्यांची सवय लागली. आधी अधूनमधून, मग रोज. त्याच गोळ्या विकताना तो पकडला गेला. आठ महिने तुरुंगात होता, यंदा मे महिन्यात सुटला.

त्याच्या आईनं, जनकाबाईनं, त्या दिवशी रोडगे केले. तो पोटभर जेवला, "दोस्ताले भेटून येतो" म्हणाला, तासाभरात परतला आणि कोणाकडे न बघता माझ्यासमोर आडवा झाला. थोड्या वेळानं घोरू लागला.

मयुरी दारात उभी राहिली. खांद्यावर नुकतीच झोपलेली लेक.

"आई, हे असे नव्हते घोरत. घशात पाणी अडकल्यावानी वाटते."

"घोरू दे वं. आठ महिने फरशीवर निजला. घरची हवा लागली त्याले."

"पन..."

"तुले तं पोरगी शिंकली तरी डॉक्टर दिसते!"

मयुरीनं लेकीला थोपटलं. आपण उगाच जास्त विचार करतो, हे तिचं स्वतःबद्दलचं जुनं मत. घोरण्यानं लेक चुळबुळली, तशी तिनं माझं बटण एकवरून तीनवर नेलं.

मी जीव तोडून गरजलो. खरं सांगतो, मला अभिमान वाटत होता. घोरणं बुडालं, लेक शांत झोपली. त्या माणसाचा श्वासही माझ्याच आवाजात बुडाला, हे मला कळलं नाही.

आणि लाइट गेली.

माझी पाती फिरत फिरत थांबली. खोलीत एक घरघर ऐकू आली. मग काहीच नाही. मयुरीनं स्वतःचा श्वास धरून ठेवला. बऱ्याच वेळानं दुसरी घरघर आली, पहिलीपेक्षा बारीक.

तिनं लेकीला सतरंजीवर टाकलं आणि धावली. त्याचे ओठ जांभळे पडले होते.

"आई, हे उठून नाही राह्यले! गाडी बोलवा!"

तिनं त्याला कुशीवर वळवलं. गाडी येईपर्यंत त्याच्या नाकाशी हात धरून बसली, त्याला हाका मारत.

चौथ्या दिवशी तो घरी आला. डॉक्टरांनी सांगितलेलं मयुरीनं सासूला पुन्हा समजावलं. आठ महिने गोळी नव्हती, शरीराची सवय मोडली होती. यानं आधीएवढ्याच घेतल्या, आणि त्याच जिवावर बेतल्या. सुटून आल्यावरचे पहिले दिवसच जास्त धोक्याचे. आणि ते घोरणं म्हणजे झोप नव्हती.

"आपल्याले कोणी सांगतलं नाही वं," जनकाबाई रडत म्हणाली.

"मले तं वाटलं होतं ना, आई. तरी मीच तीनवर केला." मयुरी माझ्याकडे बघत होती. मला ओरडावंसं वाटलं, बाई, गिरणी तर मी होतो! पण लाइट असली की मला तेवढंच येतं, खडखडणं. आयुष्यातलं एकच बरं काम मी बंद पडून केलं.

तुमच्या घरी कोणी असं परतलं असेल, तर त्याला एकटं निजवू नका. अन् मधूनमधून माझ्यासारख्याला बंद करा. उकडेल, उकडू द्या.

इथं आता तसंच चालतं. दुपारी तो झोपला की जनकाबाईच म्हणते, "बंद कर वं, आइकू दे." लेक घामानं कुरकुरते. दोघी कान देऊन उभ्या राहतात.

काल तो डोळे मिटूनच म्हणाला, "हावो मयुरी, हाय मी. लाव कूलर."

तिनं बटणावर हात ठेवला, पण लगेच लावलं नाही. आणखी एक श्वास ऐकला. मग लावलं, एकवर.