अबेलेतचा भराव

अबेलेत गावची जनसुनावणी आंब्याखाली ठेवली होती. कचरा डेपोचं नाव काढलं की गाव अंगावर येतं, हा आमच्या जिल्हा कचेरीचा अनुभव. म्हणून दोन पोलीस बरोबर घेतले होते. मी पाणीपुरवठा खात्यातला. विहिरींबद्दल कुणी विचारलं तर सांगायला गेलो होतो. पण जीप मोठ्या रस्त्यावर ठेवून आम्ही पायी गावात शिरलो आणि बायकांनी जिभा घोळवत आनंदाचे चीत्कार सुरू केले. माणसं चर्चला जायच्या कपड्यांत आली होती. पोलिसांना बसायला खुर्च्या मिळाल्या.

अबेलेतला डेपो हवा होता. डेपो आला की तालुक्याच्या गावातून कचऱ्याचे ट्रक येणार, ट्रक येणार म्हणजे मुरमाचा रस्ता होणार, आणि रस्त्यासाठी दलदलीवर पूल होणार. गाव आणि मोठा रस्ता यांच्यामध्ये ती लव्हाळ्यांची दलदल होती. उन्हाळ्यात सायकल कशीबशी जायची. पावसाळ्यात छातीएवढ्या पाण्यातून चालायचं, नाहीतर कोरलेल्या ओंडक्याच्या होडीची वाट बघायची.

अडचण एकाच माणसाची होती, आणि तो माणूस सरकारी होता. जेसिंता अमोंगिन, आमची जिल्हा पर्यावरण अधिकारी. चाळिशीची, उंच, बेताचं बोलणारी. वीटभट्ट्या, कोळशाच्या गाड्या, चर्चचे भोंगे, खाटकांनी ओढ्यात सोडलेलं रक्त, असली सगळी भांडणं तिच्या टेबलावर यायची. दिवसा तिला शिव्या देणारे लोक संध्याकाळी तिलाच बोलावून नाचणीच्या बिअरच्या मडक्याभोवती बसवायचे आणि पिण्याची लांब नळी आधी तिच्या हातात द्यायचे. लोकांचा तिच्यावर राग असायचा, पण वैर नसायचं.

डेपोच्या जागेवर तिने सकाळीच एक खड्डा खणायला लावला होता. सुनावणी सुरू झाली तसं तिने सगळ्यांना तिथे नेलं. खड्ड्यात गुडघाभर पाणी साचलं होतं.

"अजून पाऊस नीट सुरूही झालेला नाही," अमोंगिन म्हणाली. "तुमच्या पायाखाली इतक्या जवळ पाणी आहे. इथे शहराची घाण टाकली तर बॅटरी, औषधं, गटारातला गाळ, सगळं या पाण्यात उतरेल. हेच पाणी तुमच्या विहिरीत जातं, आणि दलदलीतून खालच्या गावांनाही जातं."

लोक खड्ड्यात डोकावले. कुणीतरी म्हणालं, "बघा, मॅडमनी फुकटात विहीर खणून दिली!" हशा पिकला. जिल्हाध्यक्ष ओमोदिंग सगळ्यांत मोठ्याने हसले. निवडणूक जवळ आली होती आणि पुलावर फीत कापायची त्यांना घाई होती.

तेव्हा अगुती पुढे आली. साठीची बाई, भुईमुगाची शेती करायची, चर्चच्या बायकांच्या मंडळाची प्रमुख होती. गावात तिच्या शब्दाला वजन होतं.

"पोरी, तुझं पाणी बघितलं," ती म्हणाली. "आता माझं ऐक. माझी लेक, अपोलोत तिचं नाव, बाळंतपणाला अडली. आम्ही तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून निघालो. दलदलीपाशी आलो तर होडी पलीकडे. हाका मारून घसा बसला. होडी आली तेव्हा पोरगी थंड पडली होती, आणि पोटातलंही. तिला कुठल्या पाण्याने मारलं ते तू मला सांग."

अगुतीने खड्ड्यातल्या पाण्याकडे बोट केलं.

"घाण पाणी उकळून पिता येतं. दलदल उकळता येत नाही. तू फक्त सही कर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अमोंगिनने खाली मातीकडे बघितलं आणि मग म्हणाली, "आजी, बॅटरीतलं विष उकळून जात नाही."

"मग आम्ही सावकाश मरू की! तेवढ्यात चार पोरी तरी वाचतील."

सुनावणी तिथेच संपली. परतताना जीपमध्ये ओमोदिंग पुढच्या सीटवरून मागे वळले.

"मॅडम, लोकांना हवंय, मला हवंय, ठेकेदाराला हवंय. तुम्ही कुणासाठी अडून बसलाय?"

"खालच्या गावांसाठी. त्यांना तुम्ही सुनावणीला बोलावलंच नाही."

"बदली झाली की मग बोला त्यांच्याशी," ओमोदिंग म्हणाले.

अमोंगिनने जागा अयोग्य ठरवली. तिच्यावर वरून दबाव आला, तिची मोटरसायकल काढून घेतली, बदलीची धमकी दिली. तिने मत बदललं नाही. शेवटी ठेकेदारालाच उशीर परवडेना. डेपो मोरुआपेत नावाच्या गावाला गेला. तिथे खडकाळ माळ होता आणि जमिनीतलं पाणी खूप खोल होतं. तिथल्याही लोकांना रस्ता हवा होता. मुरमाचा रस्ता मोरुआपेतपर्यंत झाला. ओमोदिंगांनी तिथे फीत कापली.

अबेलेतने अमोंगिनला माफ केलं नाही. विहिरीचं पाणी तपासायला आम्ही दोघं माझ्या मोटरसायकलवरून जायचो तेव्हा कुणी खुर्ची आणून ठेवायचं नाही, पाणी विचारायचं नाही. आमच्याकडे पाहुण्याला उभं ठेवणं म्हणजे तोंडावर दार लावण्यासारखंच. ती उभ्यानेच काम करायची. एकदा मी म्हटलं, "मी एकटा येत जाऊ का?" ती म्हणाली, "नको. मला बघून त्यांना रागावता येतं. ते तरी राहू दे."

पुढच्या उन्हाळ्यात खालच्या गावातून तक्रार आली. अबेलेतचे लोक दलदलीत माती टाकत होते; भातखाचरांकडे येणारं पाणी कमी झालं होतं. आम्ही गेलो. अख्खं गाव राबत होतं. बायका डोक्यावरून टोपल्या आणत होत्या, पुरुष वारुळं फोडून माती मोकळी करत होते. लव्हाळ्यांतून मातीचा एक भराव पलीकडच्या काठाकडे निघाला होता आणि निम्म्यापर्यंत पोचला होता. टोपल्या रिकाम्या करणाऱ्यांत अगुती होती.

"थांबवा," अमोंगिन म्हणाली.

कुणी थांबलं नाही. अगुतीने टोपली पालथी केली, पायाने माती दाबली आणि मग वर बघितलं.

"आलीस? मी म्हणतच होते, काहीतरी चांगलं चाललंय म्हणजे ही येईल."

"आजी, दलदलीत परवानगीशिवाय भराव घालणं गुन्हा आहे. मला तुमच्यावर खटला भरावा लागेल."

"भर. तुरुंगापर्यंत चांगला रस्ता असेल ना?"

माणसं हसली, पण माती टाकतच राहिली. अमोंगिनने चपला काढल्या आणि ती भरावाच्या टोकापर्यंत चालत गेली. एका बाजूला पाणी तुंबलं होतं, दुसऱ्या बाजूची लव्हाळी पिवळी पडायला लागली होती. परत आली तेव्हा तिचे पाय पोटरीपर्यंत काळे झाले होते.

"हे पहिल्या मोठ्या पावसात फुटेल," ती म्हणाली. "पाण्याला वाट ठेवलेली नाही. फुटलं की तुमची मेहनत जाईल, आणि त्या वेळी वर जो असेल तोही जाईल."

"मग काय करू? इथे बसून तुझी वाट बघू?"

"मोऱ्या हव्यात. सिमेंटचे नळे. तीन ठिकाणी."

"नळे आमच्या शेतात उगवत नाहीत, पोरी."

"मी आणते. तोवर पुढे माती टाकू नका."

अगुतीने तिच्याकडे रोखून बघितलं. "आणि नाही आणलेस तर?"

"तर तुम्ही टाकालच. मी काय अडवणार?"

बांधकाम खात्याच्या आवारात जुन्या कुठल्याशा कामाचे नळे गवतात पडून होते. इंजिनिअर ओकिरोर तिच्यावर आधीपासून खार खाऊन होता. तिने त्याची एक मुरमाची खाण बंद पाडली होती. तिने मला बरोबर नेलं.

"अबेलेतला?" ओकिरोर म्हणाला. "तुम्हीच तिथला पूल घालवलात, आता तुम्हीच नळे मागताय. मॅडम, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"पाणीही जायला हवं आणि माणसंही."

"आणि माझी खाण?"

"ती बंदच राहील."

तो हसला. मला वाटलं, आता हाकलून देणार. पण त्याची बायको अबेलेतच्या पलीकडची होती, आणि लग्नात ती दलदल त्याने स्वतः नव्या पँटमध्ये ओलांडली होती. ते आठवून असेल किंवा नसेल, त्याने नळे दिले. काही तडकलेले होते. ट्रक मात्र दिला नाही. अमोंगिनने चर्चचा ट्रक मिळवला. त्याच चर्चचा भोंगा तिने पूर्वी बंद केला होता, तेव्हा पाद्रीबुवांनी तिला आधी अर्धा तास सुनावलं.

खालच्या गावांचे लोकही बोलावले. भरावावर उभं राहून दोन्ही बाजू कडाकडा भांडल्या. शेवटी मोऱ्या किती खोल बसवायच्या ते खालच्या गावांनी ठरवलं, आणि त्यांची तरणी माणसं खणायला आली. अमोंगिनने अटी घालून परवानगी दिली: भराव अरुंदच ठेवायचा, मोऱ्यांतला गाळ दरवर्षी काढायचा, कडेची लव्हाळी कापायची नाहीत. अगुतीने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "श्वास घ्यायला चालेल ना?"

पावसाळ्यात भरावाची एक बाजू खचली. गावाने ती परत भरली. मोऱ्यांतून पाणी जात राहिलं. जीप जाईल असा तो रस्ता नव्हता, पण मोटरसायकल जायची. त्या पावसाळ्यात त्यावरून दोन बायका बाळंतपणासाठी दवाखान्यात पोचल्या. एकीचं मूल वाचलं नाही. दोघी बायका परत आल्या.

त्यानंतर आम्ही विहिरीवर गेलो तेव्हा एका बाईने अंगणातून खुर्ची आणली. एकच. अमोंगिन बसली नाही. तिने बाटल्या भरल्या, मी झाकणं लावली. तेवढ्यात शेतातून अगुती आली. हातपाय मातीने भरलेले.

"मोरुआपेतचं पाणी तपासतेस का?" तिने विचारलं.

"तपासते."

"कसं आहे?"

"अजूनपर्यंत चांगलं आहे."

"अजूनपर्यंत," अगुती म्हणाली. तिने पदराने कपाळ पुसलं. "तिथल्या बायकांना सांगितलंस का कधी, काय बघत राहायचं ते? वास, रंग?"

"नाही," अमोंगिन म्हणाली.

"मग सांग. की मी येऊ?"

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं गेलो. अगुती माझ्या मागे बसली होती आणि अमोंगिन भाड्याच्या मोटरसायकलवर. मोरुआपेतचा मुरमाचा रस्ता लागला तसं अगुतीने माझा खांदा दाबला. गाडी गुळगुळीत चालली होती, धूळही फार उडत नव्हती.

"चांगला केलाय," ती म्हणाली. माझ्या खांद्यावरचा हात तिने गाव येईपर्यंत काढला नाही.