बिडाच्या तव्यावरचा कुपा

मित्रांनो, मी बिडाचा तवा. रंगाने काळा, वयाने जुना आणि इतका जड, की मला उचलण्याआधी बायका पदर खोचतात. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, ते थंड झालं, तेव्हा मी जन्मलो. गंगुबाईंनी मला रत्नागिरीच्या बाजारातून जवळच्या भाट्ये गावातल्या घरी नेलं, त्या वेळी त्या नव्या नवरी होत्या. पहिले चार घावणे मी सोडलेच नाहीत. पण त्या रागावल्या नाहीत. अर्ध्या कांद्याने मला तेल चोळत राहिल्या. पुढे माझ्यावरच्या घावण्यांना अशी जाळी पडू लागली, की शेजारणी मला मागून न्यायच्या.

गंगुबाईंचे यजमान हरिश्चंद्र मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. तीस वर्षं त्यांनी साहेबलोकांना रांधून घातलं. घरी मात्र ते पाहुण्यासारखे. गंगुबाई त्यांना स्वयंपाकघरात फिरकूही देत नसत. मग घरात नॉनस्टिक तवा आला आणि मी पडवीत, कोयत्याशेजारी जाऊन पडलो. हळूहळू मला गंज चढला.

हरिश्चंद्र निवृत्त होऊन आले, त्याच वर्षी गंगुबाई अंगणातल्या चिऱ्यावरून घसरल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. शेजारच्या दीपालीकडून डबा येई, पण दोन घास खाऊन त्या ताट सारत.

"आयतं खायची सवय नाय हो मला. घास उतरत नाय," म्हणत.

एका सकाळी हरिश्चंद्र बंदरावरून ताजा कुपा घेऊन आले. त्यालाच ट्यूना म्हणतात. मग त्यांनी मला पडवीतून काढलं आणि राख नि नारळाच्या शेंडीने तासभर घासलं.

"नवा तवा आहे की!" गंगुबाई म्हणाल्या.

"याला कडक ताप लागतो गो. नव्याला तो सोसायचा नाय."

मित्रांनो, किती वर्षांनी कोणी माझ्याबद्दल असं बोललं!

त्यांनी कुप्याचे दोन बोटं जाडीचे तुकडे केले. "याला स्टेक म्हणतात," ते म्हणाले आणि तुकड्यांना फक्त मीठ, मिरी, तेल चोळलं.

"हळद नाय, तिखट नाय?" गंगुबाईंना राहवेना.

मी चांगला तापलो, तेव्हा तुकडे माझ्यावर आले. चर्र झालं. नवशिका असता तर उलथनं खुपसत बसला असता. हरिश्चंद्र हात मागे बांधून तुकड्याची कड खालून पांढरी होताना पाहत राहिले. एकदाच परतलं. मी पुष्कळ हात पाहिले, पण एवढा धीर कुणात पाहिला नाही.

एका हाताने तोडता येणार नाही, म्हणून त्यांनी घास कापून ताट पुढे ठेवलं. आत लालसर गुलाबी रंग दिसला.

"अहो, हा तर कच्चा!"

हरिश्चंद्रांचा चेहरा उतरला. असाच स्टेक साहेबलोक मागून खात असत. पण त्यांनी वाद घातला नाही. सगळे घास पुन्हा माझ्यावर ठेवले, चिमूटभर तिखट भुरभुरलं, कोकमाच्या आगळाचे चार थेंब सोडले.

गंगुबाईंनी डाव्या हाताने घास घेतला. सावकाश चावला. मग दुसरा घेतला, तिसराही.

हरिश्चंद्र दारापाशीच उभे होते.

"उभे का?"

"जहाजावर जेवण वाढायला दुसरी माणसं. माझ्या हातचं कोणी खाताना मी कधी बघितलंच नाय."

"मग बसा समोर. नीट बघा," गंगुबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते ताट संपवलं.

आता प्लास्टर निघालंय. घावणे गंगुबाईंचे, कुपा हरिश्चंद्रांचा; मी दोघांचा.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ गंजत पडला असेल. त्याला घासा, कोरडा पुसा, तेलाचं बोट फिरवा. तो तुमच्या नातवंडांनाही पुरेल. आणि जेवायला बसाल तेव्हा रांधणाऱ्याचंही पान मांडा.