बरडावरची तूर

रघुनाथरावांनी कमरेइतकं वाढलेलं तुरीचं एक झाड दोन्ही हातांनी उपटलं आणि मुळं झटकून डोळ्यांजवळ नेली.

"ह्या गाठी कायच्या वं, पोरी? रोग तर नाही?"

"रोग नाही, काका." प्रज्ञानं एक गाठ नखानं फोडून दाखवली. आतून ती गुलाबी होती. "याच्यात जिवाणू हायेत. हवेतलं नत्र धरून झाडाले देतात. म्हणून तर इथं तूर झाली."

लोधीखेड्याच्या वाटेवरचा हा बरड तुकडा रघुनाथरावांचाच. संत्र्याची झाडं इथं दोनदा वाळली, तेव्हा त्यांनी तो प्रज्ञाच्या आईला, कुसुमला, पिकातल्या वाट्यावर, बटईनं देऊन टाकला. मुरमात कापसाची हातभर पऱ्हाटीसुद्धा धड होत नसे. यंदा सौंसरच्या कॉलेजात शिकणाऱ्या प्रज्ञानं नागपूरहून जिवाणूंची पाकिटं आणली आणि गुळाच्या पाण्यात ती काळी भुकटी कालवून बियाण्याला चोळली. "बियाले काजळ लावून राहिली काय?" म्हणून कुसुम हसली होती. आता लेक मालकाला समजावून सांगत होती आणि कुसुम शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभी राहून नुसती बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

"अन् पीक निघाल्यावर?" रघुनाथरावांनी विचारलं. "मरतात का हे?"

"नाही. मातीतच राहतात. जमीन सुधरत जाते."

त्यांनी हातातलं झाड हलकेच खाली ठेवलं. बराच वेळ शेतावरून नजर फिरवली.

"मंग पुढच्या साली आमचा पोरगा कुलदीपच करंन इथं," ते कुसुमकडे वळून म्हणाले. "तुमच्यासाठी पाहू दुसरीकडं कुठं."

कुसुमनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जी," ती म्हणाली.

शेंगा वाळल्यावर दोघी शेतात आल्या. विळा असूनही कुसुमनं तो हाती घेतला नाही. ती बुंधा धरून एकेक झाड उपटायला लागली. मुरूम सुकून घट्ट झाला होता. थोड्या वेळात तिचे तळहात सोलून निघाले.

"आई, वरून काप ना. मुळं राहू दे जमिनीत."

"कोनासाठी?"

कुसुमनं उपटलेल्या झाडाची माती झटकली.

"तूच सांगतलं ना, सारं त्या मुळातच असते म्हणून. मंग नेऊ घरी. चुलीत घालू."

मुळांवरच्या गाठी कधीच सुकून फुटल्या होत्या. जिवाणू मातीत मिसळून गेले होते. सगळं शेत उपटलं तरी ते तिथंच राहणार होते. प्रज्ञाच्या ओठांवर ते आलंही होतं. कुसुमनं दातओठ खाऊन आणखी एक झाड ओढलं, मुळांसकट भाऱ्यावर टाकलं आणि पुढच्या झाडाला हात घातला.

प्रज्ञानं ओढणी कमरेला खोचली. ती शेताच्या दुसऱ्या टोकाला गेली, वाकली, आणि तिकडून उपटायला लागली.