मिसरीचा तवा

सकाळी साडेनऊ वाजता सगुणाबाईंना ऑपरेशनच्या रांगेतून उठवलं. अंगात हिरवा झगा चढवून झाला होता, उजव्या डोळ्यात थेंब घालून झाले होते, भुवईवर चिकटपट्टीची खूणही झाली होती. राजेश्री सिस्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, परत भरली आणि डॉक्टरांना हाक मारली. वरचा आकडा एकशे नव्वद, खालचा एकशे दहा.

"आजी, आज नाही होणार," डॉक्टर म्हणाले. "एवढ्या दाबावर डोळा उघडला आणि आत रक्तस्राव झाला, तर आहे ती नजरही जाईल. आधी बीपी खाली आणा, मग या."

सोबत आलेल्या सुनेनं, सुकेशनीनं, झगा उतरवायला मदत केली. दोघी परभणीच्या दवाखान्यातून बसनं झरीला परतल्या. गाव आल्यावर सगुणाबाई म्हणाल्या, "आषाढी पौर्णिमा तोंडावर आली की."

त्या पौर्णिमेला विहारात वर्षावास सुरू होतो आणि अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन चालतं. झरीत ते वाचन सगुणाबाईंचं होतं. दिवसभर कापूस वेचून प्रौढ वर्गात अक्षरं शिकलेली बाई. ग्रंथ हातात आला तेव्हा बोटानं ओळ धरून वाचायची, अजूनही तशीच वाचायची. पण गेल्या वर्षापासून मोतीबिंदूनं अक्षरांवर साय धरली होती. ओळ कुठं सुरू होते तेही दिसेना.

यंदा सिद्धोधन गुरुजी वाचायला बसले. माणूस चांगला, पण वाचायचा असा, की जणू बस सुटायला उभी आहे. दुसऱ्याच आठवड्यात ते स्वतः सगुणाबाईंकडे आले.

"मावशी, तुम्हाला सगळं तोंडपाठ आहे. ग्रंथ पुढ्यात उघडा ठेवा आणि बोलत जा. कोणाला कळणार आहे?"

"मला कळल की, गुरुजी."

"काय बिघडतंय त्यानं?"

"पाठ म्हणायचंच व्हतं तर अक्षरं कशाला शिकले मी?" सगुणाबाई म्हणाल्या. "डोळा होऊ द्या. समाप्तीचं पान मी वाचते. तवर तुमी चालवा, पर जरा दमानं."

आता डोळ्याची वाट बीपीवरून जात होती. गोळी पूर्वीही दिलेली होती. पण डोकं दुखायचं थांबलं की सगुणाबाई गोळी थांबवायच्या. दुखत नाही तर औषध कशाला, हा त्यांचा साधा हिशेब. आता सुकेशनी सकाळी पाण्याच्या तांब्याबरोबर गोळी पुढं करू लागली आणि गिळेपर्यंत हलायची नाही. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. पापड, खारवलेल्या मिरच्या बंद झाल्या. भाजी अळणी होऊ लागली. ज्याला लागेल त्यानं आपल्या ताटात मीठ घ्यावं असं ठरलं.

"हे घर हाय का दवाखाना?" आश्रुबांनी पहिल्याच घासाला विचारलं.

"तुमच्या हाताशी मीठ ठिवलंय," सगुणाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "हात हालवायचं ऑपरेशन करावं लागतंय का तुमचं?"

पहाटे त्या सुकेशनीचा हात धरून कालव्याच्या वाटेनं चालायला जाऊ लागल्या. रिकाम्या हातानं, ना विळा ना टोपलं, बाई चालायलीय म्हणजे गावाला नवल. गल्लीतल्या रेणुकानं वाटेत टोकलंच, "सगुणामाय, कुणाच्या वावरात निघालीस गं?"

"माझ्याच डोळ्यात," सगुणाबाई म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

आकडा उतरू लागला. उतरत उतरत एकशे साठच्या आसपास आला आणि तिथं अडून बसला. गोळी वाढवली, तरी हलेना. मीठ नाही, लोणचं नाही, चालणं चुकत नाही. मग अडतंय कुठं, ते कोणालाच उमजेना.

श्रावणात दुसऱ्यांदा बोलावणं आलं. दवाखान्यात पोचल्यावर वरचा आकडा एकशे अठ्ठावन्न भरला. डॉक्टर म्हणाले, "काठावर आहे. थोडा वेळ शांत बसा, परत बघू." सगुणाबाई बाकावर बसल्या. छातीत धडधड होत होती. कमरेच्या चंचीत मिसरीची डबी होती. त्या उठल्या, चाचपडत व्हरांड्याच्या टोकाच्या नळावर गेल्या, बोटभर मिसरी दातांना लावली, तिच्या लज्जतीत जरा वेळ उभ्या राहिल्या, चूळ भरली आणि बाकावर येऊन बसल्या. जीव थाऱ्यावर आला असं त्यांना वाटलं.

सिस्टरनं पट्टा गुंडाळला. एकशे शहात्तर.

"शांत बसायला सांगितलं होतं ना आजी?" राजेश्री सिस्टर म्हणाली. मग तिची नजर सगुणाबाईंच्या बोटावर गेली. तर्जनीचं टोक काळं होतं. "हे काय लावलंय?"

"काय न्हाई. दात घासले."

"मिसरीनं? पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी, तंबाखू खाता का. तुम्ही नाही म्हणालात."

"न्हाईच खात. तंबाखू गडीमाणसं खातेत. ही लावायची असती."

"आणि ही करता कशाची?"

सगुणाबाईंनी बोट पदरात लपवलं. सुकेशनीनंच खालमानेनं सांगितलं, "तंबाखू भाजून. आत्या घरीच करतेत. सारी गल्ली त्यांच्याकडूनच नेती."

ते खरं होतं. सगुणाबाईंच्या घरी मिसरीचा वेगळा लोखंडी तवा होता. त्यावर तंबाखू कोळशासारखी होईपर्यंत भाजायची आणि वाटून कपड्यातून गाळायची. अशी मिसरी आसपासच्या वाड्यावस्त्यांवर होत नाही, असा लौकिक होता. सासूनं लावायला शिकवली, मंजनच ते. तंबाखू सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सगुणाबाईंनी मनापासून मान डोलावली होती आणि तो सल्ला आश्रुबांसाठी आहे असं समजून घरी येऊन त्यांना सांगितलाही होता.

"लावली की दाब चढतो आजी," सिस्टर म्हणाली. "आत्ता तुमच्यासमोर चढला. गोळी खाली ओढते, मिसरी वर ओढते. डोळा मधे अडकलाय."

त्या दिवशीही ऑपरेशन झालं नाही.

मीठ सोडणं सोपं होतं असं सगुणाबाईंना आता कळलं. हिरड्या खाजत, डोकं भणभणे, लहानसहान गोष्टींवरून त्या सुनेच्या अंगावर जात आणि मग स्वतःच तिच्यासाठी चहा ठेवत. निंबाची काडी चघळून पाहिली, बडीशेप चघळून पाहिली. त्यात समोर आश्रुबा बटवा सोडून तळहातावर तंबाखू मळत बसायचे.

"वाड्याच्या बाहीर जाऊन खात जा," त्या एकदा म्हणाल्या.

"मला कुणी ऑपरेशनला बोलावलेलं न्हाई," आश्रुबा म्हणाले आणि चिमूट ओठात धरली.

एका पहाटे सुकेशनी उठली तर सासू चुलीजवळ डबी उघडून बसलेली. तळाशी थोडी मिसरी होती. बोट डबीच्या काठावर होतं, आत गेलेलं नव्हतं. सगुणाबाई उठल्या, उकिरड्यावर गेल्या, डबी पालथी केली आणि परत येऊन म्हणाल्या, "ती राखुंडी दे. तवा घासायचाय."

तवा घासायला दुपार झाली. वर्षानुवर्षांचं काळं निघता निघेना. चिंच लावली, वीट लावली. संध्याकाळी त्याच तव्यावर जवस भाजायला घेतले. भाजल्याचा वास गेला तशी रेणुका डबी घेऊन हजर.

"माय, बोटभर दे की. चार दिस झाले, दात नुसते ठणकायलेत बग."

"घे," म्हणत सगुणाबाईंनी जवस तिच्या तळहातावर टाकले.

रेणुकानं खाली पाहिलं. "हे दाताला लावू का काय करू?"

"चाव."

दोघी हसल्या. रेणुका जवस चावत परत गेली. डबी मात्र तिनं दुसरीकडून भरून घेतली.

भाद्रपदात तिसरं बोलावणं आलं. राजेश्री सिस्टरनं एकदा मोजलं, पट्टा सोडला, दुसऱ्या दंडाला बांधून परत मोजलं. एकशे छत्तीस, खाली चौऱ्याऐंशी. तिनं आधी सगुणाबाईंची बोटं उलटीसुलटी करून पाहिली, मग डॉक्टरांना हाक मारली. या खेपेला झगा ऑपरेशन झाल्यावरच उतरला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोर आश्रुबा उभे होते. सगुणाबाईंनी त्यांना बराच वेळ न्याहाळलं.

"मिशा पांढऱ्या झाल्या की तुमच्या."

"कवाच झाल्या," आश्रुबा म्हणाले. "तू आज पाह्यल्या."

अश्विन पौर्णिमेला विहारात बसायला जागा उरली नाही. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मागं खिरीचं पातेलं. सिद्धोधन गुरुजींनी ग्रंथ चौरंगावर ठेवला, शेवटचं पान उघडलं आणि आपण खाली जाऊन बायापोरांत बसले. सगुणाबाईंनी नवा चष्मा चढवला, बोट ओळीखाली धरलं आणि वाचायला सुरुवात केली. संथ, एकेक शब्द मोकळा करत. मधे एका ठिकाणी थांबल्या. पाठ असलेला शब्द जिभेवर आला होता. पानावर वेगळाच होता. त्यांनी पानावरचा वाचला. गुरुजींनी खालून मान हलवली. शेवटची ओळ झाली तेव्हा सगुणाबाईंनी बोट उचललं नाही; ते तिथंच टेकवून त्यांनी मान वर केली आणि दारापर्यंत बसलेला माणूस न् माणूस पाहून घेतला. "साधू, साधू, साधू" म्हणताना रेणुकाचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

खिरीला बोलावलेली राजेश्री सिस्टर मशीन घेऊनच आली होती. विहाराच्या पायरीवर बायकांची रांग लागली. सगुणाबाईंनी आश्रुबांचा दंड धरून त्यांना पुढं बसवलं. आकडा आला एकशे चौऱ्याहत्तर, खाली एकशे चार.

"मशीन बिघडलं असंल," आश्रुबा म्हणाले.

"माझ्या येळंला नीट व्हतं," सगुणाबाई म्हणाल्या.

डाव्या डोळ्याची तारीख आता मिळाली आहे. परवाचा सगुणाबाईंचा आकडा एकशे बेचाळीस होता, पुन्हा बघू असं सिस्टरनं सांगितलं आहे. आश्रुबांचा तंबाखूचा बटवा पौर्णिमेच्या रात्रीपासून ओसरीतल्या खुंटीला लटकतो आहे. तो रिकामा नाही. आज सकाळपर्यंत तरी त्यांनी तो उतरवलेला नाही.